आधी काय उगवतं?

काशीत भोसले घाटावरून नावेने दक्षिणेकडे निघालं की गंगामहाल, मग संकठा घाट, मग शिंदे घाट, आणि त्यापुढे मणिकर्णिकेच्या चितांचा धूर. नागपूरचे भोसले आणि ग्वाल्हेरचे शिंदे इथे हाकेच्या अंतरावर पायऱ्या बांधून बसलेत, त्यामुळे मराठी माणसाला हा काठ परका वाटत नाही. या दोघांच्या मधे संकठादेवीचा घाट. मणिकर्णिका एवढ्या जवळ असल्यामुळे इथे आलेला प्रत्येक लिहिणारा मरणाकडे वळतो. मी वळलो नाही, कारण घाटावरून वर चढणाऱ्या गल्लीत मला अगदी दुसऱ्या टोकाचं देऊळ भेटलं.

संकठादेवीच्या देवळापासून जवळच, शिंदे घाटाच्या वरच्या अंगाला, आत्मवीरेश्वराचं देऊळ आहे. मूल व्हावं म्हणून इथे येतात. काशीखंडात याची कथा आहे: नर्मदेकाठचा विश्वानर मुनी बायकोच्या, शुचिष्मतीच्या, आग्रहावरून काशीत आला, वीरेश्वराची उपासना करू लागला, आणि त्याला लिंगातच एक बाळ दिसलं. कोलकात्याच्या भुवनेश्वरीदेवींनी काशीतल्या एका नातेवाईक बाईंकरवी याच वीरेश्वराला साकडं घातलं होतं. १८६३च्या जानेवारीत झालेल्या त्या मुलाचं नाव घरच्यांनी वीरेश्वर ठेवलं. जग त्याला विवेकानंद म्हणून ओळखतं.

देवळात 'होऊ दे' असं म्हटलं जातं. ते 'होणं' सुरू कुठून होतं, असा प्रश्न याच नगरीच्या नावावर एका जुन्या ग्रंथात चर्चेला आलेला आहे. सुश्रुतसंहितेत शिकवणारा आहे काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी. वरच्या गल्ल्यांतून चालत गेलं की चौखंबा लागतो. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना हे नाव प्रकाशकाचं म्हणून पुस्तकांच्या कण्यावर वाचून पाठ असतं. आपल्याकडे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेली सुश्रुतसंहिता काढली होती. तिच्या शारीरस्थान या भागात एक वाद नोंदवलेला आहे, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात पाच शहाणी माणसं एकाच प्रश्नाची पाच उत्तरं देतात.

प्रश्न असा: गर्भाचा कोणता अवयव आधी होतो? शौनक म्हणतो डोकं, कारण इंद्रियांचं मूळ तिथे. कृतवीर्य म्हणतो हृदय, कारण बुद्धी आणि मन तिथे राहतात. पाराशर्य म्हणतो नाभी, देह तिथूनच वाढतो. मार्कंडेयाचं मत हातपाय, कारण गर्भाची सगळी हालचाल त्यांच्यामुळे. सुभूती गौतम म्हणतो धड, बाकीचं सगळं त्यालाच तर जोडलेलं असतं. मग धन्वंतरी सगळ्यांना खोडून काढतो. सगळे अवयव एकदमच होतात, पण इतके सूक्ष्म की दिसत नाहीत. बांबूच्या कोंबासारखं, आंब्याच्या फळासारखं. पिकल्या आंब्यात रेषा, गर, कोय वेगवेगळी दिसते. कोवळ्या कैरीत तीच असते, पण वेगळी काढता येत नाही.

आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असा सूर मला लावायचा नाही. ठाऊक नव्हतं; सूक्ष्मदर्शकाशिवाय ठाऊक असणं शक्यही नव्हतं. थोरवी प्रश्नाची आहे. गंमत अशी की आज आपल्याला उत्तर माहीत आहे, आणि ते त्या पाचांपैकी कुणाचंच नाही, सहाव्याचंही नाही.

स्त्रीचं बीजांड शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक. मोठी म्हणजे किती, तर मिलिमीटरचा दहावा भाग, खसखशीच्या दाण्याचा साधारण दहावा हिस्सा. (पेशी हा शब्दही सुश्रुतातच गर्भासाठी आलेला आहे, दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या एका आकाराचं नाव म्हणून. हिंदीवाले 'कोशिका' म्हणाले, आपण 'पेशी' धरून ठेवली.) शुक्राणू आत शिरल्यावर जवळजवळ एक दिवस वरून काहीच घडताना दिसत नाही. मग एकाचे दोन होतात. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठ. आता हे वाचताना डोळ्यांपुढे काहीतरी वाढत चाललेलं येतं, आणि तिथेच पहिली चूक होते. गर्भ वाढत नसतो. पोळ्यांच्या कणकेचा गोळा तोडून उंडे करावेत तसं चाललेलं असतं: उंडे वाढतात, कणीक तेवढीच. बीजांडाभोवतीचं पारदर्शक कवच अजून शाबूत असतं आणि सगळा खेळ त्याच्या आत.

शिवाय हे पहिले दोन-तीन दिवस गर्भ स्वतःच्या जनुकांवर फारसा चालतच नाही. बीजांडात आईने आधीच भरून ठेवलेले संदेश आणि प्रथिनं असतात, त्या शिदोरीवर चालतो. बापाकडून आलेली अर्धी शिकवण आत आहे, पण पुस्तक मिटलेलं. माणसाच्या गर्भात चार ते आठ पेशींच्या सुमाराला ते उघडतं, आणि तेव्हापासून गर्भ स्वतःचं बोलू लागतो.

या आठ पेशींबद्दलची एक गोष्ट कळली तेव्हा मी वाचता वाचता थांबलो होतो. त्या एकसारख्या असतात, इतपत कुणीही सांगेल. पण किती एकसारख्या? हान्स ड्रीशने १८९१च्या सुमाराला सागरी अर्चिनाच्या दोन पेशींच्या गर्भातल्या पेशी हलवून सुट्या केल्या. अर्धा अर्धा जीव होईल अशी अपेक्षा होती. झाले दोन, दोन्ही पूर्ण, फक्त लहान. पोलंडच्या आंद्रेय तार्कोव्स्कीने १९५९मध्ये उंदरावर तेच दाखवलं: दोनपैकी एक पेशी मारली, उरलेलीने अख्खा उंदीर केला. मग त्याने उलटं करून पाहिलं. दोन वेगळ्या गर्भांच्या पेशी एकत्र चिकटवल्या. दोन डोक्यांचा राक्षस झाला नाही. एक नीटनेटका उंदीर झाला, चार आईबापांचा. कोवळ्या कैरीत कोय लपलेली असते हे धन्वंतरीचं म्हणणं इथे कोसळतं. लपलेली असती तर अर्ध्या कैरीत अर्धी कोय सापडली असती.

मग फरक पडतो तरी कुठून?

आठ पेशी आतापर्यंत द्राक्षांसारख्या सुट्या दिसत होत्या. आता त्या एकमेकींना घट्ट बिलगतात, इतक्या की सीमा दिसेनाशा होतात. सोळा होतात. या गोळ्याचं शास्त्रीय नाव तुतीच्या लॅटिन नावावरून आलंय, आणि दिसतंही तसंच, तुतीच्या फळासारखं. आणि इथे पहिल्यांदा एक साधी भौमितिक गोष्ट घडते: काही पेशी बाहेर राहतात, काही आत सापडतात. आतल्यांना चहूबाजूंनी बहिणी. बाहेरच्यांची एक बाजू मोकळी. बस, एवढाच भेद. तार्कोव्स्की आणि योआना व्ह्रुब्लेव्स्का यांनी १९६७मध्ये मांडलं की पेशीचं नशीब तिच्या जागेवर ठरतं, आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्यात बारीक तपशील भरले गेले. मोकळ्या बाजूमुळे पेशीला वरखाली कळतं. त्यावरून 'हिप्पो' नावाची संदेशांची साखळी चालू किंवा बंद राहते. (नाव पाणघोड्यावरूनच आलंय. फळमाशीत हे जनुक बिघडलं की डोकं अवाजवी वाढून सुरकुततं. माशीवाल्या शास्त्रज्ञांना नावं ठेवण्याचा शौक असतो.) उंदराच्या गर्भात बाहेरची पेशी वेळेत आत ढकलली तर ती निमूट आतली होते. वेळ टळली की होत नाही.

बाहेरच्या पेशी आता कामाला लागतात. त्या सोडियम आतल्या बाजूला ढकलतात, मिठामागे पाणी येतं, आणि पाचव्या दिवसापर्यंत तुतीचा फुगा होतो. शंभर-दोनशे पेशी, मधे पाण्याची पोकळी, आणि आतल्या भिंतीला एका जागी चिकटलेला छोटा पुंजका. सहाव्या दिवसाच्या आसपास हा फुगा कवच फोडून बाहेर पडतो आणि गर्भाशयाच्या अस्तरात शिरू लागतो.

आता मोजा. बाहेरची भिंत, म्हणजे फुग्यातल्या बहुसंख्य पेशी, पुढे काय होतात? वार. बाळ होणारी एकही पेशी त्यांच्यात नाही. गर्भाने पहिला निर्णय घेतला तो डोक्याचा नव्हता, हृदयाचा नव्हता, नाभीचा नव्हता. जन्माच्या दिवशी बाळापाठोपाठ पडून जाणाऱ्या वारेचा होता. दुसरा निर्णयही तसाच. आतल्या पुंजक्याचे पुन्हा दोन थर होतात आणि त्यातला एक थर अंड्यातल्या बलकाभोवती असते तशी पिशवी करायला जातो. दोन वेळा वाटणी झाली आणि दोन्ही वेळा आधी बाळंतिणीच्या खोलीची तयारी. बाळ अजून कशातच नाही. शौनकापासून सुभूती गौतमापर्यंत सगळे देहाच्या आत शोधत होते. पहिला अवयव देहाबाहेरचा निघाला.

बाकी राहिलेला तो पुंजका. डोळे, यकृत, मेंदू, टाचेची कातडी, सगळं यातून होणार, आणि यातल्या एकाही पेशीला अजून त्याचा पत्ता नाही. गर्भात ही अवस्था मोजक्या दिवसांची. कुणी ती थांबवून धरली तर?

थांबवायचं सुचलं ते अर्बुदांमुळे. अमेरिकेच्या बार हार्बरमध्ये लेरॉय स्टीव्हन्स १९५३मध्ये उंदरांवर सिगारेटींची तपासणी करत होता: दोष तंबाखूचा की कागदाचा. सिगारेटींचं राहिलं बाजूला. त्याला एका उंदराच्या वृषणात गाठ दिसली, आणि गाठीत केस, हाड, स्नायू असं सगळं खिचडी होऊन पडलेलं. ज्या पेशी वाट्टेल ते होऊ शकतात त्या कुठेतरी अस्तित्वात आहेत, हे त्या किळसवाण्या गाठीने दाखवलं. १९८१मध्ये केंब्रिजला मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि कॅलिफोर्नियात गेल मार्टिनने, उंदराच्या फुग्यातल्या आतल्या पुंजक्याच्या पेशी थेट बशीत वाढवून दाखवल्या. माणसाच्या पेशींसाठी १९९८ उजाडलं. ते विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसनने केलं. याच त्या भ्रूणीय मूलपेशी. बशीत त्या विभागत राहतात, पण होत काहीच नाहीत. गर्भात जो मुक्काम दोन-चार दिवसांचा, तो बशीत वर्षानुवर्षांचा. त्यांना या कोवळेपणात धरून ठेवणारं एक जनुक २००३मध्ये सापडलं, तेव्हा एडिनबराच्या शास्त्रज्ञांनी त्याला 'नॅनॉग' नाव दिलं. केल्टिक पुराणांत तीर ना नोग नावाचा देश आहे, तिथे कुणी म्हातारं होत नाही.

एडिनबरा म्हटलं की मला पुणं आठवतं. १९५०च्या दशकात लीला मुल्हेरकर एडिनबराच्या प्राणी-आनुवंशिकी संस्थेत कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर काम करत होत्या. १९५५मध्ये डेनिस न्यू याने एक युक्ती काढली होती: अंड्यातल्या बलकावरचं पातळ पटल गर्भासकट सोडवून घ्यायचं, बांगडीसारख्या काचेच्या कड्यावर ताणायचं, आणि वॉच ग्लासमध्ये उबदार ठेवायचं. मग गर्भ डोळ्यांदेखत घडताना दिसतो. मुल्हेरकर बाईंनी हे तंत्र पुणे विद्यापीठात आणलं आणि प्राणिशास्त्राच्या पिढ्या त्यावर घडवल्या. कुठलं महाग यंत्र लागत नव्हतं. अंडी, काच, ऊब, आणि ज्याचा हात थरथरत नाही असा माणूस.

त्यांच्या गुरूने, वॉडिंग्टनने, १९५७च्या आपल्या पुस्तकात एक चित्र छापलं. वर डोंगरमाथा, त्यावर एक गोळा, खाली उतरत जाणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा फाटे फुटणाऱ्या दऱ्या. गोळा म्हणजे पेशी. हे चित्र पुस्तकात पाहिलं तेव्हा मला ते नीट समजलं नव्हतं. समजलं संकठा घाटावर. चौखंब्याच्या बाजूने एखाद्या पोराने गोटी सोडली असं समजा. गल्ली उतरते, फुटते, पुन्हा फुटते. एका वळणावर ती डावीकडे गेली तर भोसले घाट, उजवीकडे गेली तर शिंदे घाट. वर असताना दोन्ही खुले होते. अर्ध्या वाटेवर आल्यावर भिंती उंच होतात, आणि पलीकडच्या गल्लीतून येणारा घंटेचा आवाज ऐकू आला तरी तिकडे जाता येत नाही. यकृताच्या पेशीत मेंदूची सगळी जनुकं असतात. तिला फक्त तो रस्ता उरलेला नसतो.

आणि पुन्हा वर चढायचं असेल तर? २००६मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या कातडीतल्या पेशींना चार जनुकं जादा दिली आणि गोटी पायऱ्या चढून चौखंब्याला परत गेली. चार. चाळीस नाही, चारशे नाही. मला अजूनही हा आकडा वाचून खोटं वाटतं.

आपल्याकडे माणसाच्या गर्भाचे पहिले दिवस पाहायला मिळाले ते टेस्ट ट्यूब बेबीमुळे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून जन्मलेल्या मुलीची नोंद सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी, १९७८मध्ये, कोलकात्यात सुभाष मुखर्जींनी ते केलं होतं आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. मुंबईतल्या कामाचे शिल्पकार टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखर्जींची कागदपत्रं वाचून पहिलेपणाचा मान त्यांना देऊन टाकला. विज्ञानात असं औदार्य रोज दिसत नाही, म्हणून जाता जाता सांगितलं.

या उपचारांत काही गर्भ असे निघतात की ते गर्भाशयात सोडण्याजोगे नसतात. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात मनीषा इनामदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच, तिसऱ्या प्रतीच्या ठरवून बाजूला काढलेल्या गर्भांतून दोन भ्रूणीय मूलपेशींच्या वंशावळी मिळवल्या आणि २००९मध्ये प्रसिद्ध केल्या. नावं रुक्ष आहेत, बीजेएनहेम१९ आणि बीजेएनहेम२०, पण त्या सख्खी भावंडं आहेत. गर्भ म्हणून नापास, आणि पेशी म्हणून अजून उत्तम विभागताहेत. इनामदारांच्या प्रयोगशाळेने अभ्यासलेल्या एका जनुकाचं नाव मात्र रुक्ष नाही: असृज्, म्हणजे संस्कृतात रक्त. ते माशीतही आहे आणि माणसातही, आणि रक्त घडवणाऱ्या कोवळ्या पेशींना वेळेआधी पिकू देत नाही.

अशा गर्भांवर किती दिवस काम करायचं, याला आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मर्यादा आहे: चौदा दिवस, किंवा आद्यरेषा दिसेपर्यंत, जे आधी होईल ते. ही आद्यरेषा म्हणजे काय, ते पुण्याच्या वॉच ग्लासमध्ये दिसायचं. चपटी चकती, सगळीकडे सारखी, आणि एका कडेला हळूच एक पन्हळ पडू लागते. पेशी त्या पन्हळीकडे सरकतात, आत बुडी मारतात आणि खालच्या अंगाने पसरतात. आता डोक्याची बाजू ठरली, शेपटाची ठरली, डावंउजवं ठरलं. याआधी एका गर्भाची जुळी होऊ शकत होती. रेषा पडल्यावर ते दार बंद होत जातं. कोंबडीत हे पहिल्या दिवसातच उरकतं, माणसात दोन आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी कोंबडीच्या गर्भात एक वाकडी नळी आकसू लागते, माणसात बाविसाव्या दिवसाच्या सुमाराला. देहातला कामाला लागणारा पहिला अवयव हृदयच. कृतवीर्याला पाचांत सर्वांत जास्त गुण द्यावे लागतील, जरी त्याचं कारण चुकलं असलं तरी. बुद्धीचा इथे संबंध नाही. थर जाड झाले, आतपर्यंत नुसत्या झिरपण्याने पोषण पोचेना, म्हणून पंप लागला.

आणि नाभीवाला पाराशर्य? त्यालाही अगदी शून्य देता येत नाही. नाळेचं दुसरं टोक वारेतच तर असतं. तो दोरीच्या आतल्या टोकाशी थांबला, बाहेरच्या टोकाकडे त्याने पाहिलं नाही. आपल्याकडे वार मातीत पुरतात आणि नाळ जिथे पुरली ते माणसाचं गाव मानतात. बाळाच्या पहिल्या निर्णयाचं असं रीतसर दफन होतं, हे ती पुरणाऱ्या सुइणीला ठाऊक नसतं.

सुश्रुतात चौथ्या महिन्याबद्दल एक शब्द आहे: दौहृद. गर्भाचं हृदय प्रकट झालं, आता बाईला दोन हृदयं, म्हणून तिच्या इच्छाही दोघांच्या. त्या शब्दाच्या दोहद या भावंडातून आपले डोहाळे आले. पण या दोन हृदयांमधली वार ही काही अभेद्य भिंत नाही. तिच्यातून बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात निसटतात. डायना बियांकी आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये अशा पेशी शोधल्या. मुलगा झालेल्या बायकांच्या रक्तात पुरुषी गुणसूत्र असलेली पेशी सापडली, तर ती बाईची स्वतःची नाही हे उघड आहे. तशी पेशी त्यांना ज्या आयांच्या रक्तात सापडली, त्यांतल्या एकीचा शेवटचा मुलगा होऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती.